‘अ’ की ‘द’? आधी ऐकणाऱ्याकडे बघा

तुम्ही लिहिलंय की इंग्रजी उपपदांचे (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) नियम शाळेपासून पाठ आहेत, तरी ऑफिसची ईमेल लिहिताना प्रत्येक नामापाशी हात अडतो. वरिष्ठांनी दुरुस्त केलेली चार वाक्यंही दिली आहेत: ‘आय हॅव सेंट रिपोर्ट टू क्लायंट’, ‘ही गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस’, ‘वी मस्ट प्रोटेक्ट द नेचर’ आणि ‘आय मेट हिम द लास्ट वीक’. या सगळ्याच्या मुळाशी एखादं सूत्र आहे का, असा प्रश्न आहे.

मराठी माणसांनी लिहिलेलं इंग्रजी मी बरीच वर्षं तपासतो आहे. सूत्र आहे, आणि ते तुम्हाला मराठीतून आधीच येतं. मराठीत उपपदं नाहीत म्हणून आपल्याला ती जमत नाहीत, हे मला पटत नाही. शब्द नाहीत हे खरं, पण भेद आहे. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा:

आम्ही ड्रायव्हर शोधतोय.
आम्ही ड्रायव्हरला शोधतोय.

पहिल्यात जागा रिकामी आहे, कोणीही चालेल. दुसऱ्यात आपला नेहमीचा ड्रायव्हर कुठेतरी गेला आहे. इंग्रजी पहिल्याला ‘अ ड्रायव्हर’ म्हणते आणि दुसऱ्याला ‘द ड्रायव्हर’. आपण ते काम एका ‘ला’वर भागवलं. कधी शब्दांच्या क्रमावर भागवतो: ‘दारात कुत्रा बसलाय’ म्हणजे कुठला तरी कुत्रा, आणि ‘कुत्रा दारात बसलाय’ म्हणजे आपल्याला माहीत असलेला. हा फरक तुम्हाला कोणी शिकवला नव्हता, तरी तुमचा कान तो चुकत नाही. इंग्रजी लिहिताना तोच कान वापरायचा आहे.

आता सूत्र. ‘द’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हे वाचून समोरचा ‘कोणता?’ असं विचारेल का? विचारणार नसेल तर ‘द’. विचारू शकत असेल तर ‘अ’. इथे बहुतेकांची एक गफलत होते. त्यांना वाटतं की वस्तू मला माहीत असली की ‘द’ येतो. तसं नाही. काल मला शाळेतला जिवलग मित्र भेटला, त्याची सगळी कुंडली मला ठाऊक आहे, पण तुम्ही त्याला ओळखत नाही. मग मी तुम्हाला सांगताना ‘आय मेट अ फ्रेंड’ असंच म्हणणार. निर्णय ऐकणाऱ्याच्या माहितीवर होतो, बोलणाऱ्याच्या नाही.

म्हणूनच ‘पहिल्या उल्लेखाला अ, दुसऱ्याला द’ हा शाळेतला नियम अर्धाच उपयोगी पडतो. ‘आय बॉट अ बुक. द कव्हर वॉज टोर्न.’ इथे कव्हरचा उल्लेख पहिल्यांदाच आला, तरी ‘द’ आहे, कारण पुस्तक म्हटल्यावर त्याला कव्हर असणारच आणि ते कोणत्या पुस्तकाचं हे वाचणाऱ्याला कळलेलं आहे. ‘क्लोज द डोअर’ म्हणताना खोलीतलं उघडं दार दोघांनाही दिसत असतं. ‘द सन’, ‘द फर्स्ट’, ‘द बेस्ट’, ‘द ओन्ली’, ‘द सेम’ हे आपण वेगवेगळे नियम म्हणून पाठ करतो, पण पहिला किंवा सर्वोत्तम म्हटल्यावर ‘कोणता?’ हा प्रश्न उरतच नाही. सगळीकडे कारण तेच.

तुमचं पहिलं वाक्य घेऊ. रिपोर्ट आणि क्लायंट दोन्ही मोजता येणारी, एकवचनी नामं. अशी नामं इंग्रजीत सहसा उघडी राहत नाहीत. पुढे ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ असं काहीतरी लागतंच. (‘बाय बस’, ‘इन बेड’, ‘गो टू स्कूल’ असे ठरलेले प्रयोग सोडून.) साहेबांना रिपोर्टही माहीत आहे आणि क्लायंटही, म्हणून ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट टू द क्लायंट’. उपपदांत डोळे मिटून पाळावा असा नियम मला विचाराल तर हा एकच. ‘शी इज डॉक्टर’ ही चूकही इथलीच. मराठीत आपण ‘ती डॉक्टर आहे’ म्हणतो, इंग्रजीत ‘शी इज अ डॉक्टर’ म्हणावंच लागतं. अलीकडे उलटा प्रवास सुरू झालाय, ‘ती एक डॉक्टर आहे’ असं मराठीत सर्रास लिहिलं जातं. मला ते खटकतं. त्या ‘एक’चं मराठीत काहीच काम नाही.

दुसरं वाक्य. आपल्याकडे सल्ला मोजता येतो: एक सल्ला, दोन सल्ले. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ पाण्यासारखा आहे, त्याला ‘अ’ किंवा ‘ॲन’ लागत नाही आणि त्याचं अनेकवचनही होत नाही. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘होमवर्क’, ‘न्यूज’ यांचंही तसंच. तेव्हा ‘ही गेव्ह मी सम ॲडव्हाइस’, आणि एकच सल्ला असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. हे शब्द मात्र पाठच करावे लागतात. काय मोजायचं आणि काय नाही, हे प्रत्येक भाषा आपल्या मनाने ठरवते.

तिसऱ्यात उलटी चूक झाली. निसर्ग, समाज, आयुष्य, प्रेम यांबद्दल सर्वसाधारण बोलताना उपपद येत नाही: ‘नेचर’, ‘सोसायटी’, ‘लाइफ’. त्याच शब्दाला कोणाचं ते चिकटवलंत की ‘द’ परत येतो, जसं ‘द लाइफ ऑफ अ सोल्जर’. अनेकवचनातही हेच: ‘डॉग्ज आर लॉयल’ म्हणजे कुत्र्यांची जातच इमानी, आणि ‘द डॉग्ज आर हंग्री’ म्हणजे आपले हे कुत्रे भुकेले आहेत.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक गोष्ट सांगतो, कारण तिथे एका अक्षराने अर्थ उलटतो. ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मला फारसे मित्रच नाहीत. ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे आहेत की चार-दोन. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’मध्येही हाच फरक. ऑफिसच्या पत्रात ‘वी हॅव लिटल टाइम’ लिहिलंत तर ती तक्रार वाटते.

‘अ’ आणि ‘ॲन’बद्दल तुम्ही ‘ॲन युनिव्हर्सिटी’ का चूक, असं विचारलंय. देवनागरी वाचणाऱ्याला इथे आयती चावी मिळाली आहे: शब्द देवनागरीत लिहून बघा. सुरुवात स्वराने झाली तर ‘ॲन’, व्यंजनाने झाली तर ‘अ’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूएसबी ‘य’ने सुरू होतात, वन-वे ‘व’ने, म्हणून ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एमबीए, एक्स-रे स्वराने, म्हणून ‘ॲन’. इंग्रजी स्पेलिंग बघून जो घोळ होतो तो इथे होतच नाही. फक्त वर्ष या अर्थाचा शब्द जपा. आपण ‘इयर’ म्हणतो, पण मूळ उच्चार ‘यिअर’च्या जवळचा आहे, म्हणून ‘अ यिअर’. कान या अर्थाचा ‘इअर’ मात्र ‘ॲन’च घेतो.

खरं तर ‘ॲन’ हेच मूळ रूप. जुन्या इंग्रजीत ‘आन’ म्हणजे एक. पुढे व्यंजनाआधीचा ‘न’ झिजला आणि ‘अ’ उरला. हा ‘न’ इतका सैल होता की लोकांचा तो कुठल्या शब्दाचा याबद्दल गोंधळ झाला. एप्रन हा शब्द आधी ‘नॅप्रन’सारखा होता. ‘अ नॅप्रन’ ऐकता ऐकता ‘ॲन एप्रन’ झालं. उलट ‘ॲन इकनेम’, म्हणजे जोडनाव, याचं ‘अ निकनेम’ झालं. मला ही गोष्ट फार आवडते. व्याकरणाच्या पुस्तकात निर्जीव वाटणारी अक्षरं कधीकाळी लोकांच्या तोंडात अशी घरंगळत होती.

विशेषनामांना वेळ कमी द्या. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगांना ‘द’, एकट्या शिखराला नाही: ‘द हिमालयाज’, पण ‘माउंट एव्हरेस्ट’. देशांना सहसा नाही, पण ‘द नेदरलँड्स’, ‘द फिलिपिन्स’, ‘द युनायटेड स्टेट्स’ यांना आहे. अडलं की शब्दकोश उघडावा, इथे तर्क लढवण्यात अर्थ नाही.

राहिलं चौथं वाक्य. ‘लास्ट वीक’ म्हणजे गेला आठवडा, आजपासून मोजायचं हे त्यातच आलं, म्हणून ‘आय मेट हिम लास्ट वीक’. ‘इन द लास्ट वीक’ हाही बरोबर प्रयोग आहे, पण त्याचा अर्थ आजपासून मागचे सात दिवस. शुक्रवारी ईमेल लिहिताना हे दोन वेगळे काळ होतात. तुम्ही त्यांना नेमकं कधी भेटलात ते बघा आणि त्याप्रमाणे लिहा.