कागद म्हणजे कडक कापड नव्हे

उत्तरायणावरच्या आपल्या लघुपटात ब्लेंडर या त्रिमितीय अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला पतंग वडोदऱ्यातल्या गच्चीवरून उडताना रबरासारखा ताणला जातो, बेंडिंग (वाकण्याला होणारा विरोध) कितीही वाढवले तरी तो कागद वाटत नाही, आणि त्याच सेटिंगवर आजीचा पदर मात्र छान पडतो, असे आपण लिहिले आहे. कागदाला कडक कापड धरून चालल्यामुळे हे होते.

एक सुती हातरुमाल घ्या आणि त्याची समोरासमोरची दोन टोके तिरकी ओढून पाहा. उभे-आडवे धागे एकमेकांशी कललेले होऊन रुमाल लांबतो आणि मधे चुण्या पडतात. पतंगाचा ताव तसाच ओढला तर लांबत नाही, फाटतो. पदराची पडण बऱ्याच अंशी या तिरक्या सैलपणातून येते. ब्लेंडरमध्ये मुळातच टेन्शन (ताणाला विरोध) आणि कॉम्प्रेशन (दाबाला विरोध) 15, शिअर (तिरक्या ओढीला विरोध) 5 आणि बेंडिंग 0.5 असते, हे कापडाला मानवते, कागदाला नाही. पतंगासाठी पहिली तिन्ही मूल्ये पुष्कळ वाढवा, शिअर टेन्शनच्या बरोबरीला आणा, आणि बेंडिंग मात्र कमीच राहू द्या. पातळ पत्र्याचा ताणाला होणारा विरोध जाडीच्या प्रमाणात असतो आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणूनच ताव ओढायला कठीण आणि वाकवायला अगदी सोपा असतो.

न ताणता येणारा पृष्ठभाग एका जागी एका वेळी एकाच दिशेने वाकू शकतो, हे गाऊसच्या वक्रतेच्या सिद्धान्तातून निघते. मेशच्या, म्हणजे ज्या छोट्या त्रिकोण-चौकोनांच्या जाळीने पृष्ठभाग बनतो तिच्या, बाबतीत त्याचा परिणाम असा, की त्रिकोणांच्या कडा जिकडे असतील तिकडेच कागद सहज वाकतो आणि इतर दिशांना अडून बसतो. मग बेंडिंग कमी असूनही पतंग लाकडी दिसतो. त्यामुळे मेश दाट ठेवा आणि सर्व चौकोन एकाच कर्णावर कापू नका. बर्कलीच्या संशोधकांनी 2013 मध्ये घडी पडेल तिथेच मेश दाट करून त्याच्या कडा घडीच्या दिशेने वळवण्याची पद्धत मांडली, ती मला या विषयातली फार मोलाची वाटते.

टेन्शन वाढवले की साध्या पद्धतीचे गणित फुटते, म्हणजे आकडे आवाक्याबाहेर जातात. बॅराफ आणि विट्किन या संशोधकांनी 1998 मध्ये इम्प्लिसिट पद्धतीने (पुढच्या क्षणाची स्थिती धरून बळे काढून) मोठी कालपावले, म्हणजे एका गणनेत जास्त वेळ पुढे जाणे, शक्य केली. परंतु मोठे पाऊल हालचाल मंदावते, आणि कागदाची फडफड नेमकी तिथेच हरवते. म्हणून क्वालिटी स्टेप्स (एका फ्रेममधली गणनेची पावले) 5 वरून निदान 15 पर्यंत न्या. पुढे कधी पोझिशन बेस्ड डायनॅमिक्सवर (बळांऐवजी थेट बिंदूंच्या जागा दुरुस्त करणाऱ्या पद्धतीवर) गेलात, तर तिथे कडकपणा पुनरावृत्तींच्या संख्येवर बदलतो हे ध्यानात ठेवा. तिचीच सुधारित अशी 2016 मधली एक्सपीबीडी पद्धत ही अडचण दूर करते.

वजनही तपासा. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) ए4 कागद 5 ग्रॅमचा असतो, आणि पतंगाचा ताव त्याहून पातळ. वस्तुमान जास्त राहिले तर वाऱ्याचे बळ त्याला हलवणारच नाही. बांबूच्या काड्यांवरचे बिंदू पिन करून (काडीला जखडून) काड्या वेगळ्या हलवा.

कटून झाडात अडकलेल्या, चुरगळलेल्या पतंगाचा शॉट मात्र या सेटिंगने जमणार नाही, कारण त्यासाठी कागदाला घडी लक्षात राहावी लागते: कोन ठरावीक मर्यादेपलीकडे वाकला की त्याचा विश्रांतीचा, म्हणजे बळ नसताना राहणारा, कोनच बदलला पाहिजे. ती सोय हाताशी नसेल, तर चुरगळलेला आकार आधी मॉडेल करून तोच विश्रांतीचा आकार म्हणून द्या.