नव्या युजर रिसर्चरला पहिल्या महिन्यात काय द्यायचं?

प्रश्न : मी इंदूरमधे एका सरकारी संस्थेत युजर रिसर्चची छोटी टीम सांभाळते. नागरिकांसाठी जी पोर्टलं आणि अ‍ॅप्स बनतात ती लोकांना खरंच वापरता येतात का ते बघणं हे आमचं काम. आता तीन नवीन जण येतायत, एक समाजकार्य शिकलेली, एक डिझाईन कॉलेजमधून आणि एक बंगलोरच्या प्रायव्हेट अ‍ॅप कंपनीतून. आमच्याकडे नवीन माणूस आला की लॅपटॉप, लॉगिन आणि जुन्या पीपीटींचा ढीग देतात आणि पुढच्या आठवड्यात फील्डला पाठवतात. आधीचे दोघं वर्षाच्या आत सोडून गेले. यांना टिकवायचं तर सुरुवात कशी करू?
— एक वाचक, पलासिया, इंदूर

उत्तर : ताई, सोडून जाणारे बहुतेक काम अवघड म्हणून जात नाहीत, एकटे पडतात म्हणून जातात. कंपनीत आजूबाजूला दहा डिझायनर असतात, काही अडलं की खुर्ची वळवून विचारता येतं. सरकारी ऑफिसात एक रिसर्चर, बाजूला व्हेंडरचे डेव्हलपर, वर साहेब, आणि ही मुलगी नेमकं काय करते ते कोणालाच धड माहीत नसतं. म्हणून पहिल्या दिवशी लॅपटॉप उशिरा मिळाला तरी चालेल पण सोबती मिळायला हवा, आणि तो तुम्ही नको. वार्षिक मूल्यांकन ज्याच्या हातात आहे त्याला कोणी बावळट वाटणारे प्रश्न विचारत नाही. टीममधे दुसरं कोणी जुनं नसेल तर दुसऱ्या विभागातला रिसर्चर शोधा, आठवड्यातून एकदा अर्धा तास फोनवर बोलला तरी खूप.

दुसरं, पहिला महिनाभर स्वतःचा स्टडी द्यायचाच नाही. त्यांना लोक सेवा केंद्रात, म्हणजे लोक सरकारी दाखल्यांचे अर्ज करतात तिथे पाठवा, काउंटरच्या बाजूला बसू दे, प्रश्न न विचारता नुसतं बघू दे. तिथे जे दिसतं ते पीपीटीत नसतं. समग्रचा, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब नोंदणीचा, कुटुंबाचा आयडी ८ आकडी आणि सदस्याचा ९ आकडी, लोक एकाच्या जागी दुसरा सांगतात. ई-केवायसी बाईची असते पण ओटीपी जातो मुलाच्या मोबाईलवर, आणि मुलगा कामावर पीथमपूरला. मग ती बाई फोन लावते, तो उचलत नाही, मागची रांग कुरकुरते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की 'ओटीपी टाका' ही एक ओळ स्क्रीनवर लिहिताना नवा माणूस दहा वेळा विचार करतो. त्यानंतर त्यांना जुन्या रिसर्चरबरोबर नोट्स घ्यायला पाठवा, मग अर्धी मुलाखत त्यांची अर्धी जुन्याची, मग पूर्ण त्यांची आणि जुना गप्प बसलेला. आणि प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच दिवशी दोघांनी बसून बोलायचं, कुठला प्रश्न उत्तर सुचवणारा झाला, कुठे थांबायला हवं होतं. हे शनिवारवर ढकललं की विसरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बंगलोरहून येणाऱ्याला आवर्जून सांगा. कंपनीत ग्राहकाला अ‍ॅप आवडलं नाही तर तो दुसरं घेतो. इथे लोकांपाशी दुसरं काही नाही, आणि त्यांच्या नजरेत तुमचा रिसर्चर म्हणजेच सरकार. इंदूरच्या बाणगंगा भागात एखाद्या घरी जाऊन विचारलं की फॉर्म भरताना काय अडचण आली, तर बाई म्हणणार काहीच नाही, सगळं छान आहे, कारण मनात भीती की तक्रार केली तर लाडली बहनातून, म्हणजे बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या योजनेतून, नाव कटेल. त्यामुळे संमती म्हणजे कागदावर सही घेणं नाही. सोप्या हिंदीत, मालवी येत असेल तर मालवीत, आधी सांगायचं की तुमच्या पैशांशी याचा संबंध नाही, नको असेल तर आत्ता उठून जाऊ शकता, काही बिघडणार नाही. आधार किंवा समग्र नंबर वहीत लिहायचा नाही, फोटोत येऊ द्यायचा नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा नव्यांना समजावून सांगाच, पण ही सवय कायद्याच्याही आधीची हवी.

कंपनीवाला हेही म्हणेल की पाच युजर पुरतात. वेबसाइट वापरायला सोपी कशी करायची याचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० मधे ते एकसारख्या लोकांबरोबर केलेल्या युजेबिलिटी टेस्टबद्दल, म्हणजे वापरून बघायच्या चाचणीबद्दल मांडलं होतं. तुमचे लोक एकसारखे कुठे आहेत? वाचता न येणारे आहेत, स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणारे आहेत, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरलीय. प्रत्येक गटातले लोक शोधायला वेळ लागतो, तो वेळ त्यांना द्या.

समाजकार्यवाली लोकांशी छान बोलेल, तिला ऑफिस शिकवावं लागेल. नोटशीट, म्हणजे मंजुरीसाठी फाईलमधे फिरणारं टिपण, कशी चालते, एनआयसी ही सरकारची आयटी संस्था काय करते आणि व्हेंडर काय, मुलाखत देणाऱ्यांच्या मानधनाची मंजुरी आधी का घ्यावी लागते. मध्य प्रदेशचा २०१० चा लोकसेवा हमी कायदा वाचायला द्या, उशीर झाला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० दंड. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरची तक्रार एल-वनला, म्हणजे पहिल्या पातळीच्या अधिकाऱ्याकडे, मिटली नाही की वर सरकते. हे कळलं की साहेबांना कशाची काळजी असते ते कळतं, आणि मग रिपोर्टमधे 'युजर गोंधळतात' असं न लिहिता या स्क्रीनमुळे कुठल्या तक्रारी वाढतात ते लिहिता येतं. दोन्ही खरंच आहे पण दुसरं वाचलं जातं.

ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेत, म्हणजे २०११ मधे सुरू झालेल्या जीडीएसमधे, टीममधल्या प्रत्येकानं दर ६ आठवड्यांत किमान २ तास रिसर्च प्रत्यक्ष बघावा असा सल्ला रुजला. तुम्ही हे डेव्हलपर आणि साहेब दोघांकडून करून घ्या. नव्या माणसाचं म्हणणं पटवायला त्याला एकट्याला झगडायला लागू नये, ती जबाबदारी तुमची.

प्रश्न : मी स्वतः नवीन रिसर्चर आहे, इंदूरमधेच. लोक त्यांचं दुःख सांगतात, पेन्शन अडकलीय, रेशन बंद झालंय, आणि मला विचारतात मॅडम माझं काम कधी होईल. रात्री तेच डोक्यात फिरत राहतं. मी या कामाला योग्य नाही का?
— एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : योग्य आहात, आणि हे मनात दाबून ठेवू नका, तुमच्या लीडला स्पष्ट सांगा. दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती घेऊ नका, आणि अशा घरी एकटं जाऊ नका. काम करून देईन असं आश्वासन कधी देऊ नका, पण हात हलवत परतही येऊ नका. एका कागदावर १८१, जवळच्या लोक सेवा केंद्राचा पत्ता, कलेक्टर ऑफिसची मंगळवारची जनसुनवाई (अधिकारी लोकांच्या तक्रारी थेट ऐकतात ती) आणि सोबत कुठली कागदपत्रं न्यायची ते मोठ्या अक्षरात हिंदीत छापून ठेवा, आणि मुलाखत संपल्यावर सगळ्यांना द्या, अडचण सांगितली असो वा नसो. पेन्शन अडकलेल्या बाईंना तो कागद वाचून दाखवा, घरात वाचणारं कोणी आहे का विचारा, असेल तर त्यालाही बोलावून समजावून सांगा.