येताना साडेचोवीस तास, जाताना साडेपाच?

प्रश्न : मुलगा न्यूयॉर्कला असतो. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला यायचंय म्हणून तिकीट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय त्यानं. तिथून दुपारी १२ ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३०, आणि परत जाताना मुंबईहून रात्री १ ला बसला की त्याच दिवशी सकाळी ६.३० ला न्यूयॉर्क!! दोन्ही विमानं थेट आहेत म्हणे. शेजारचे काका म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून असं होतं. खरंय का ओ? आणि अंतर किती?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : काकू, तिकीट बरोबर आहे, घोळ घड्याळाचा आहे. तिकिटावर निघायची वेळ त्या गावची आणि पोचायची वेळ या गावची छापतात, आणि जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. येतानाच्या साडेचोवीसातून साडेदहा काढा, राहिले १४. जातानाच्या साडेपाचात साडेदहा घाला, झाले १६. पटत नसेल तर तिकिटावरचे दोन्ही आकडे मिळवून बघा, ३० येतात, आणि १४ अन् १६ पण ३०च, कारण एकीकडे वाढलेलं दुसरीकडे कटतं. (मार्चच्या दुसऱ्या रविवारी मात्र तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, मग तुम्ही सकाळी ८ ला फोन लावला की पोराकडे रात्रीच्या साडेनऊऐवजी साडेदहा वाजलेले असतात.)

आता राहिला दोन तासांचा फरक. काकांना सांगा, पृथ्वी फिरते पण तिच्याबरोबर हवा पण फिरते ना, धावत्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये लिंबू वर उडवलं तर हातातच पडतं, मागच्या डब्यात जात नाही. आणि काकांचंच खरं धरलं तर उलटं व्हायला पाहिजे, पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणजे येणाऱ्या विमानापुढे मुंबईच लांब पळत सुटणार!

खरा खेळ वाऱ्याचा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारं वाहतं, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, थंडीत तर जास्तच, ताशी २०० किलोमीटरच्या वर पण जातं. येताना ते पाठीशी, जाताना तोंडावर. होटगी रोडला समोरून वारं असताना सायकल मारलेल्याला जास्त सांगायला नको.

अंतर म्हणाल तर साधारण १२,५५० किलोमीटर, म्हणजे रेल्वेनं सोलापूर-मुंबई ४५५ धरलं तर सत्तावीस-अठ्ठावीस वेळा. पण हे भिंतीवरच्या नकाशात पट्टी लावून मोजू नका, नातवंडाचा पृथ्वीचा गोल असेल तर चादरीचा सुटलेला धागा घ्या, एक टोक मुंबईवर दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा, धागा आपोआप वर सरकतो आणि रशिया, नॉर्वे करत आइसलंडच्या जवळून जातो. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. विमान अगदी त्या धाग्यावरून जातंच असं नाही, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आकाश बंद केलं तेव्हा वळसा घालावा लागला आणि तास वाढले.

आणि एक, पोरगा साडेबाराला उतरला तरी इमिग्रेशन, बॅगा, मग मुंबईचं ट्रॅफिक, दुपारची वंदे भारत धावतपळत गाठायला लावू नका. रात्रीच्या सिद्धेश्वरचं तिकीट काढा, झोपून येईल, सकाळी स्टेशनवर घ्यायला जा.