एलईडी बदलला आणि पाणी हिरवं झालं

प्रश्न : माझा साठेक लिटरचा माशांचा टँक आहे, त्यात अनुबियास, जावा फर्न ही झाडं आणि थोडे टेट्रा मासे. आधी १५ वॉटची ट्यूब होती, ती गेली म्हणून ३० वॉटचा एलईडी बसवला. एलईडीला वीज कमी लागते म्हणून सकाळी उठल्यावर लावतो तो रात्री झोपतानाच बंद करतो. तीन आठवड्यांत काचेवर शेवाळ धरलं, आता तर पाणीच हिरवं झालंय, मागचे मासेसुद्धा दिसत नाहीत. एक दिवसाआड पाणी बदलतोय तरी तेच. एलईडी खराब निघाला का?

उत्तर : अहो खराब कसला, जरा जास्तच चांगला निघालाय आणि तीच भानगड आहे. आपल्याला ट्यूबच्या काळापासून वॉटवर हिशोब करायची सवय, पण एलईडीत वॉट बघून काही कळत नाही, बॉक्सवर लुमेन (म्हणजे दिवा प्रत्यक्ष किती प्रकाश देतो ते माप) किती लिहिलेत ते बघायचं. बऱ्यापैकी एलईडी एका वॉटला ९०-१०० लुमेन देतो, म्हणजे तुमच्या टँकवर अडीच-तीन हजार लुमेन पडतायत, ते पण चौदा-पंधरा तास! अनुबियास आणि जावा फर्न ही सावलीतली झाडं, त्यांना लिटरमागे १५-२० लुमेन म्हणजे तुमच्याकडे हजार-बाराशे झाले तरी पुष्कळ. लिटरमागे चाळीस लुमेनच्या वर गेलात की झाडं भराभर वाढायला बघतात आणि मग कार्बन डायऑक्साइड नि खत दोन्ही मागतात, ते मिळालं नाही की झाडं थांबतात पण प्रकाश काही थांबत नाही, तो शेवाळाच्या कामी येतो. अनुबियासची पानं बघा जरा, एकेक पान महिनोन्महिने तेच असतं, त्यामुळे शेवाळाला बसायला इतकी निवांत जागा दुसरी नाही.

आता करायचं काय, तर आधी चार दिवस पूर्ण अंधार. लाइट बंद आणि टँकवर जाड चादर, चारी बाजूंनी, आणि मध्ये मध्ये उचलून डोकावायचं नाही (मी डोकावलो होतो, एकदा नाही चारदा, मग परत पहिल्यापासून). फिल्टर चालूच ठेवायचा आणि एअर पंप असेल तर तोही लावा, कारण मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. चार दिवस खायला नाही दिलं तरी धडधाकट, पूर्ण वाढलेले मासे काही उपाशी मरत नाहीत. चादर काढली की निम्मं पाणी बदला, फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळून घ्या, नळाखाली धरू नका, त्यातले कामाचे बॅक्टेरिया जातील.

त्यानंतर लाइट दिवसाला सहा तास, बास. टायमर लावा, आपल्या लक्षात राहील हा भ्रम आहे. दोन-तीन आठवडे काच स्वच्छ राहिली तर अर्धा-अर्धा तास वाढवत आठपर्यंत जा, त्याच्या पुढे नको. एलईडीला डिमर (प्रकाश कमी-जास्त करायची सोय) नसेल तर लाइट वीतभर वर उचला, नाहीतर वर तरंगणारी झाडं सोडा, प्रकाश आपोआप गाळला जातो. आणि टँक खिडकीजवळ असेल तर हे सगळं करून फारसा उपयोग नाही, आधी पडदा लावा.

प्रश्न : रात्री निळा लाइट चालू ठेवला तर माशांना बरं वाटतं का?

उत्तर : आपल्याला बरं वाटतं, माशांना नाही. त्यांना पापण्याच नसतात त्यामुळे अंधार हीच त्यांची झोप. रात्री अचानक लाइट लावून बघितलंत तर निऑन टेट्राची ती निळी रेघ पार फिकट पडलेली दिसेल, सकाळी तासाभरात परत चमकते. तासभर निळा लाइट लावून बघत बसा, पण मग बंद करा. सकाळी पण आधी खोलीतला दिवा, मग दहा मिनिटांनी टँकचा, नाहीतर दचकून काचेवर आपटतात.

प्रश्न : साधी एलईडी पट्टी झाकणाला आतून चिकटवली तर चालेल का?

उत्तर : साधी नाहीच. पट्टीवर आयपी नंबर असतो, पाण्यापासून ती किती सुरक्षित ते सांगणारा; आयपी ६५ लिहिलेली पट्टी शिंतोडे सोसते, पाण्यात पडली तर नाही, त्यासाठी आयपी ६७ तरी घ्या. पण खरी गंमत पुढे आहे, पट्टी मापाने कापली की कापलेलं टोक उघडं पडतं आणि त्यावर काही लिहिलेलं उपयोगाचं राहत नाही. मी तसंच लावलं होतं, दोन महिन्यांत टोकाच्या तांब्यावर हिरवा गंज चढला आणि शेवटचे तीन दिवे गेले. टोकाला सिलिकॉन भरा, एक दिवस वाळू द्या. रंग ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा घ्या, झाडांनाही चालतो नि मासेही खरे दिसतात, ते जांभळट दिवे झाडांना चालतात पण मासे आजारी वाटतात. ॲडॅप्टर टँकच्या वर किंवा बाजूला ठेवा, खाली नको, आणि वायर प्लगच्या खालून वळसा घालून वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी त्या वळशावरूनच जमिनीवर टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.