इनामगावचे थर वाचू लागण्यापूर्वी

आपण पुरातत्त्वाच्या अभ्यासाची सुरुवात इनामगावपासून करत आहात, ही निवड मला योग्य वाटते. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या) टेकाडांवर डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले आणि माळवा, पूर्व (आधीचा) जोर्वे व उत्तर (नंतरचा) जोर्वे असे एकावर एक वसलेले, तांबे व दगड दोन्ही वापरणाऱ्या ताम्रपाषाण संस्कृतींचे तीन कालखंड उजेडात आणले.

कालानुक्रम पाठ करण्याची घाई करू नका. आधी खापरे ओळखायला शिका. जोर्वे खापर लाल, त्यावर काळी नक्षी, भाजणी इतकी पक्की की नखाने टिचकी मारल्यास खणखणीत आवाज येतो. माळवा खापराचा पोत त्यामानाने भरड असतो. (संग्रहालयात मात्र परवानगीशिवाय टिचकी मारू नये.)

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे खोली हेच वय समजणे. नंतरच्या लोकांनी धान्यासाठी बळद खणले किंवा घराच्या जमिनीखाली मूल पुरले, म्हणजे त्याला आत ठेवून दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवली, की वरच्या काळातील वस्तू खालच्या थरात उतरते; म्हणून खड्डा कोणत्या थरातून खणला गेला, त्याची कड छेदचित्रात (खड्ड्याच्या उभ्या भिंतीतील थरांच्या रेखाटनात) आधी शोधावी.

घरांकडेही लक्ष द्या. पूर्व जोर्वेतील ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी इ. स. पू. 1000 नंतर लहान गोल झोपड्या येतात. उत्खनकांनी याचा संबंध कोरड्या हवामानाशी आणि खालावलेल्या शेतीशी जोडला आहे. तो तर्क मला पटतो, तरी हाडे व धान्याचे अहवाल आपण स्वतः पडताळून पाहावेत.