बारचा परवाना आणि कॅमेऱ्याची अट : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं हॉटेलवाल्यांची आहेत. त्यांतली पाच निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : खानापुरात माझी साठ माणसं बसतील अशी मांसाहारी खानावळ आहे. कोल्हापूरचे मेहुणे म्हणतात, ‘एफएल-३ चा अर्ज टाक आणि परमिट रूम सुरू कर.’ आपल्याकडे हे जमेल का?

मेहुण्यांचा सल्ला कागलच्या, म्हणजे राज्याच्या सीमेच्या पलीकडे बरोबर आहे, अलीकडे कर्नाटकात नाही. एफएल-३ आणि परमिट रूम ही १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालची, म्हणजे महाराष्ट्रातली व्यवस्था. खानापूरला कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ लागतो. इथे बसून पिण्याच्या बारला सीएल-९, राहण्याच्या खोल्या असलेल्या हॉटेलला सीएल-७ आणि बाटली विकून मोकळं होणाऱ्या दुकानाला सीएल-२ असे परवाने आहेत. गिऱ्हाइकाला पिण्याचं वेगळं परमिट लागत नाही. परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं, त्यामुळे मार्चअखेरीला धावपळ करायची गरज नाही, ती मे-जूनमध्ये करायची. माल केएसबीसीएल या राज्य सरकारच्या मद्यपुरवठा महामंडळाच्या डेपोतूनच उचलावा लागतो.

अडचण दुसरीकडे आहे. सीएल-९ चे नवे परवाने गेली अनेक वर्षं सरसकट दिले जात नाहीत. म्हणून लोक चालू परवाना स्वतःच्या नावावर करून घेतात. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात ई-लिलावाने परवाने देण्याची घोषणा झाली आहे, तोही मार्ग अबकारी उपायुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्या. चालू परवाना घेणार असाल तर पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी पाहा : यंदाचं नूतनीकरण झालं आहे का, जुना गुन्हा किंवा दंड बाकी आहे का, आणि परवान्यावर लिहिलेली जागा कोणती. जागा बदलायची असेल तर वेगळी मंजुरी लागते. ‘लायसन्स माझंच राहू दे, तू फक्त महिन्याला पैसे दे’ असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून उठा. गुन्हा लागला की परवाना त्याचा जातो आणि गुंतवलेले पैसे तुमचे.

प्रश्न : निपाणीत गल्लीच्या तोंडाशी जागा बघितली आहे. मागच्या बाजूला शाळा आहे. अंतर भिंतीपासून धरतात की दारापासून?

परवान्यांच्या सर्वसाधारण अटींचे नियम १९६७ चे आहेत. त्यात शाळा, धार्मिक स्थळ, रुग्णालय आणि सरकारी कार्यालयापासून १०० मीटरची अट आहे. हे अंतर पक्ष्यासारखं सरळ रेषेत मोजत नाहीत. तुमच्या दाराच्या मध्यापासून, माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेने चालत जातो त्या वाटेने, शाळेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. मागची भिंत शाळेला चिकटलेली असूनही चालायचं अंतर १०० मीटरच्या वर भरू शकतं. उलट, शाळेने मागच्या गल्लीत छोटं फाटक उघडलं असेल तर सगळा हिशेब बिघडतो. म्हणून जागेचा करार करण्याआधी टेप घेऊन, शाळा सुटायच्या वेळी, मुलं कुठून बाहेर पडतात ते पाहा आणि मग मोजा.

तुमच्या निपाणीला महामार्गाचाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पालिका हद्दीतल्या परवान्यांना ही मनाई नाही असं स्पष्ट केलं. त्यामुळे जागा नगरपालिका हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, हे उताऱ्यावर पाहूनच पुढे जा. पुणे-बंगळूर रस्त्यालगत ही हद्द डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : बेळगावात आमच्या बार-रेस्टॉरंटला पोलिसांनी कॅमेऱ्याची अट घातली आहे : ‘सर्व भागांवर सीसीटीव्ही असावा, फुटेज जपून ठेवावं.’ सही करावी का?

या शब्दांवर करू नका. ‘सर्व भाग’ म्हणजे कुठले आणि ‘जपून’ म्हणजे किती दिवस, हे लिहिलेलं नसेल तर भांडण झालेल्या रात्री त्याचा अर्थ समोरचा माणूस ठरवणार. पत्र कन्नडमध्ये असेल तर कन्नड नीट वाचणाऱ्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या, मग दुरुस्तीची विनंती लेखी द्या. ठाण्यातल्या साहेबांनाही मोजता येणारी अट सोयीची असते, त्यामुळे सहसा नकार येत नाही.

धरायला आधार आहे. कर्नाटकचा २०१७ चा सार्वजनिक सुरक्षा उपायांचा कायदा एका वेळी १०० किंवा दिवसात ५०० माणसं जमतील अशा आस्थापनांना लागतो आणि त्यात फुटेज ३० दिवस ठेवायचं आहे. तुमचं हॉटेल त्याहून लहान असलं तरी ३० दिवसांचाच आकडा मागा. कोणी ९० म्हणालं तर त्याला डिस्कचा हिशेब दाखवा, तो पुढे दिला आहे.

अटीत जागा नावानिशी लिहा : दर्शनी दार आतून, दर्शनी दार बाहेरून, कौंटर व गल्ला, बसण्याचा हॉल (दोन कोपरे), स्वयंपाकघराकडचं मागचं दार, साठ्याची खोली, वाहनतळ. हे झाले आठ कॅमेरे. स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा लावायचा नाही, हेही लिहूनच घ्या. बाहेरच्या बोळावर कॅमेरा चालतो, आत तो गुन्हा आहे.

दाराचा कॅमेरा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच चुकतो. बसवणारा माणूस तो छताला लावतो आणि फुटेजमध्ये फक्त टोप्या आणि टक्कल दिसतं. उंची साडेसात ते साडेआठ फूट ठेवा. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायचा असेल तर चित्रात एका मीटरला सुमारे २५० पिक्सेल हवेत. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे साडेसात मीटरपेक्षा रुंद जागा त्यात कोंबू नका. दुपारी दारातून उजेड आला की माणूस काळा दिसतो, त्यासाठी डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही सांभाळून घेणारी सोय) असलेला कॅमेरा घ्या आणि ते सेटिंग चालू आहे ना, ते पाहा. डब्यावर लिहिलेलं असतं, आत बंद असतं.

आता डिस्क. दोन मेगापिक्सेल, एच.२६५ (चित्र दाबून साठवायची पद्धत) आणि २ एमबीपीएस (सेकंदाला लिहिली जाणारी माहिती) धरलं तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी खातो. आठ कॅमेरे, ३० दिवस : जवळपास ५.२ टीबी. सहा टीबीची डिस्क रेकॉर्डरमध्ये साडेपाचच्या आसपास दिसते, म्हणजे जेमतेम. आठची घ्या, आणि ती सीसीटीव्हीसाठीचीच. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहून लवकर थकते. एच.२६४ वर ४ एमबीपीएस ठेवलं तर जागा दुप्पट लागते. ९० दिवस मागणाऱ्याला हाच आकडा तिप्पट करून दाखवा. ‘हालचाल झाली तरच रेकॉर्ड’ हे सेटिंग बार चालू असताना काही वाचवत नाही.

बिघाडाचं कलम विसरू नका : ‘कॅमेरा बंद पडल्यास २४ तासांत ठाण्याला लेखी कळवणे व ७ दिवसांत दुरुस्ती.’ हे नसेल तर एक वायर सडली तरी अटभंग होतो. आणि बेळगावच्या पावसात वायर सडते. बाहेरचे जोड उघडे न ठेवता जंक्शन बॉक्समध्ये घ्या आणि वायर आत शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं. लाइट गेली तर रेकॉर्डर आणि पीओई स्विच (कॅमेऱ्यांना वायरमधूनच वीज देणारा डबा) दोन्ही यूपीएसवर हवेत. नुसता रेकॉर्डर चालू ठेवून उपयोग नाही, कॅमेरे बंदच असतात.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन कामं करा : तीस दिवसांपूर्वीचं फुटेज प्रत्यक्ष चालवून पाहा, रेकॉर्डरचं घड्याळ मोबाइलशी जुळवा, आणि दोन्ही वहीत लिहून सही करा. घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर बिलाची वेळ आणि फुटेजची वेळ जुळत नाही आणि मग संशय तुमच्यावर येतो.

प्रश्न : रात्री पोलिस येऊन डीव्हीआरच (रेकॉर्डरच) मागतात. द्यायचा का?

आधी फुटेजची प्रत द्यायची तयारी दाखवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागणी घ्या, तारीख आणि वेळेची मर्यादा ठरवून पेनड्राइव्हवर काढा, पोच घ्या. पुरावा म्हणून चालायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडा, येतो. म्हणून प्रत काढल्यावर फाइल कापू-जोडू नका. यंत्रच जप्त झालं तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुसरा रेकॉर्डर जोडून ठाण्याला कळवा. अट तुमच्यावर तशीच चालू असते. पासवर्ड मालकाचा वेगळा आणि मॅनेजरचा वेगळा ठेवा. प्रत काढता येणारा एक माणूस प्रत्येक पाळीला हजर असला पाहिजे. ‘कॅमेरावाला सोमवारी येतो’ हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही.

प्रश्न : चोर्ला रस्त्यावर आमचा ढाबा आहे, परवाना नाही. गिऱ्हाईक गोव्याहून बाटली आणतं आणि जेवताना पितं. आम्ही फक्त ग्लास आणि पाणी देतो. आमचा दोष काय?

ग्लास आणि पाणी देणं हाच दोष. परवाना नसलेल्या जागेत दारू प्यायला देणाऱ्या ढाब्यावर अबकारी कायद्याखाली गुन्हा लागतो, बाटली कुणाचीही असो. त्यात ती गोव्याची असेल तर तिच्यावर कर्नाटकचा कर भरलेला नाही, म्हणजे दुसरा गुन्हा. लग्नासारख्या एका दिवसाच्या कार्यक्रमाला सीएल-५ परवाना मिळतो, पण तोही इथल्या करभरणा झालेल्या मालासाठी. ढाब्यावर पाटी लावा, वेटरला ग्लास न द्यायला सांगा आणि ऐकत नसेल त्याला बिल आधी द्या.