गोतावळ्याची वही

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

इतक्या वर्षांच्या मित्रमंडळींची वही आता तुझ्याकडे आली आहे. चाळीसेक माणसं, बरीचशी पुण्या-नाशकात, काही कोकणात, चार-पाच परदेशात. यात नेमकं करायचं काय, असं तू विचारलंस. लक्ष ठेवायचं, एवढंच खरं तर काम आहे. ते कसं ठेवायचं ते सांगते.

आधी मंडळी एकमेकांना मेसेजवर कळवतात त्या छोट्या बातम्या. मोगऱ्याला कळ्या आल्या, शेगडी बदलली, नातवाला दात आला, गुडघा पुन्हा कुरकुरतोय. या बातम्यांना कमी लेखू नकोस. जिथे फक्त लग्न, बढती आणि ऑपरेशनच सांगायची रीत पडते, तिथे माणूस मधलं काही सांगेनासा होतो, आणि मग एकदम मोठं संकटच कळतं. रोज काहीबाही सांगणारा माणूस गप्प झाला तर ते चटकन जाणवतं. तुझं पहिलं काम हे गप्प होणं ओळखण्याचं आहे. म्हणून कुणाच्या साध्या बातमीला दिवसभर उत्तर आलं नसेल तर तू दे. ‘वाचलं, कळ्यांचा फोटो पाठव’ एवढंही पुरतं.

रोज बोलणारा तीन दिवस दिसला नाही की फोन कर. मेसेज नको, फोनच. सकाळी अकराच्या सुमारास किंवा चारनंतर कर, जेवणाची आणि दुपारच्या झोपेची वेळ टाळ. ‘सहज केला’ म्हणून सुरू कर. ‘काय झालं, दिसला नाहीस?’ असं म्हटलं की समोरच्याला खुलासा द्यावा लागतो आणि तो ‘काही नाही गं’ म्हणून ठेवून देतो. एकट्या राहणाऱ्याने दोनदा फोन उचलला नाही, तर वहीतून शेजाऱ्याचा नंबर काढ आणि त्यांना दार वाजवायला सांग. त्यात संकोच नको.

ती वही कागदाचीच ठेव. शंभरपानी, एका माणसाला एक पान. रक्तगट, नेहमीचा डॉक्टर, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, जवळच्या दोघांचे फोन, शेजारी, घराची दुसरी किल्ली कुणाकडे. हे प्रत्येकाला विचारून लिही. ज्याला द्यायचं नसेल त्याचं पान कोरं राहू दे. फोनमध्ये नको एवढ्यासाठी की नेमक्या वेळी तो बंद पडतो किंवा त्याचं कुलूप उघडत नाही. दर जानेवारीत एकदा सगळे नंबर तपास. नंबर बदलले की माणसं कळवायला विसरतात.

आता दवाखाना. इथे प्रेमापोटीच सर्वात जास्त गोंधळ होतो. कुणी ॲडमिट झालं की पहिल्या तासात तीस फोन जातात आणि सोबतीला असलेली बायको किंवा मुलगा तेच तेच सांगून थकतो. म्हणून घरच्यांशी फक्त एकाने बोलायचं. त्याने रोज संध्याकाळी सातला सगळ्यांना एकच निरोप द्यायचा: ताप किती, तपासणीत काय आलं, उद्या काय होणार, काय हवं आहे. पण निरोप देण्याआधी रुग्णाला विचारायचं, ‘हे सगळ्यांना सांगू का?’ आजाराची बातमी ज्याची त्याची असते. गर्भपात, गेलेली नोकरी, मोडणारं लग्न यांना तर हा नियम दुप्पट लागू.

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य बोलू नकोस. संकटातल्या माणसाला काय लागेल याचाही विचार करायचं त्राण नसतं, आणि मागायला जीभ रेटत नाही. त्याऐवजी नेमकं विचार: ‘मंगळवारी रात्री मी थांबते, चालेल?’ ‘मुलीला क्लासहून मी आणते.’ ‘दूध आणि पेपर आठवडाभर बंद करायला सांगू?’ समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं.

रात्रीच्या पाळ्या लावताना बऱ्याच ठिकाणी सोबतीसाठी एकच पास मिळतो आणि बायकांच्या वॉर्डात बाईच लागते, हे लक्षात ठेव. रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी धर, आणि एका माणसाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त रात्री देऊ नकोस. थांबणाऱ्याला चादर, स्वेटर, लांब वायरचा चार्जर, पाण्याची बाटली आणि सुट्टे पाचशे रुपये घेऊन जायला सांग. एसीच्या गारठ्याने सोबतीचा माणूसच आजारी पडतो. परदेशातल्या मंडळींना वाटतं आपण काही करू शकत नाही. त्यांना सांग, आपल्याकडे रात्र असते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो. पहाटे तीनला बाकावर एकट्या बसलेल्या माणसाशी अर्धा तास बोलणं त्यांना सहज जमेल.

डबा कुणाचा आणि कोणत्या वेळी, हे आदल्या दिवशी ठरव. नाहीतर एका दुपारी तीन घरांतून साबुदाण्याची खिचडी येते आणि रात्री काहीच नाही. आधी विचार: बाहेरचं चालतं का, साखर आहे का, मीठ कमी आहे का. पुष्कळदा रुग्णाला तिथलंच जेवण असतं आणि डबा हवा असतो तो सोबतीला. एकाला तीन पोळ्या, एक सुकी भाजी, वाटीभर वरण, थोडा भात पुरतो. जास्त दिलं की ते टाकताना त्याला अपराधी वाटतं. रस्सा नको, तो सांडतो. आणि परत द्यावा लागणार नाही अशा डब्यात दे. कुणाचा डबा कुठला याचा हिशोब त्या घराने अशा दिवसांत का ठेवावा?

रक्ताच्या निरोपात सात गोष्टी हव्याच: रुग्णाचं नाव, रक्तगट, रक्त की प्लेटलेट्स, किती पिशव्या, रक्तपेढी, फोन, आणि तारीख. तारखेशिवायचे निरोप महिनोन्महिने फिरतात आणि बरं होऊन घरी आलेल्याला फोन येत राहतात. गरज भागली की ‘मिळालं, आता नको’ हेही तितक्याच तत्परतेने कळव. दाता 18 ते 65 वयाचा, किमान 45 किलो वजनाचा, हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त असलेला लागतो. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिने आणि बाईला चार महिने अंतर ठेवावं लागतं. शेवटचं रक्तदान कधी केलं ते वहीत लिहिलेलं असलं की चाळीस फोनांऐवजी चार करावे लागतात. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे त्यासाठी त्या वेळी हजर होणारा माणूसच हवा. दात्याला उपाशीपोटी पाठवू नकोस.

पैशाचं फार जपून. वर्गणी सुरू करण्याआधी, ॲडमिट होतानाच, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेसाठी रुग्णालयात बसणाऱ्या मदतनीसाला गाठून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, हा उपचार बसतो का ते विचार. रेशनकार्ड आणि ओळखपत्र जवळ असू दे. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो, कारण मंजुरी आधी लागते. धर्मादाय रुग्णालय असेल तर महाराष्ट्रात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जायचं. हे होईपर्यंत लोक दागिने मोडून मोकळे झालेले असतात, म्हणून तू घाई कर.

तरीही कमी पडलं तर पैसे गोळा करा, पण एकाच्या खात्यात, आणि हिशोब दुसऱ्याने बघायचा. कुणी किती दिले हे बाहेर जाता कामा नये. पाचशे देणाऱ्याने वीस हजारांचा आकडा पाहिला की पुढच्या वेळी तो गप्प बसतो, आणि त्याचे पाचशे त्याला जड गेलेले असू शकतात. देतानाच स्पष्ट बोला: ही भेट आहे की उसने. ‘बघू नंतर’ म्हणून दिलेल्या पैशाने जितकी मैत्री तुटते तितकी भांडणाने तुटत नाही. राजकारणावरून वाद पेटला तर फार मनावर घेऊ नकोस. दोघांना वेगवेगळा फोन कर, आठवड्यात निवळतं.

कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ असं म्हणालं, गमतीत म्हणाल्यासारखं वाटलं तरी, तो निरोप सोडून देऊ नकोस. सरळ विचार, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उपदेश करू नकोस, ‘तुला काय कमी आहे’ तर मुळीच म्हणू नकोस. जवळ राहणाऱ्याला लगेच त्याच्या घरी पाठव, एकटं ठेवू नका, घरातल्या औषधांचा साठा हलवा. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो वहीच्या पहिल्या पानावर लिही.

आणि मृत्यू. पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं, तेव्हा तुमची गरज कमी. चूल पेटत नाही तोवर पिठलं-भात नेऊन द्या, आणि एकाने कागदांकडे बघा: मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढाव्यात. बँक, विमा, पेन्शन, वीजजोडणी, सगळीकडे लागतात.

खरी गरज चौदाव्या दिवसापासून लागते. नातेवाईक गेलेले असतात, संध्याकाळी सातला घरात एकच दिवा असतो. कॅलेंडरवर खुणा कर: महिना, तीन महिने, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी फोन जायलाच हवा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोल. बाकी सगळे ते नाव टाळत असतात. पहिल्या दिवाळीला त्या घरी फराळ करत नाहीत. तुम्ही दोन-तीन घरांनी मिळून चकली, लाडू, चिवडा नेऊन द्या, आणि नुसता डबा ठेवून निघू नका, तासभर बसा.

हे सगळं तू एकटीने करायचं नाहीस. अशा गोतावळ्यात नेहमी तीनच माणसं धावतात आणि दोन-तीन वर्षांत दमून बाजूला होतात. जो कधी पुढे येत नाही त्याला छोटं, ठरावीक काम नावानिशी सांग: ‘गुरुवारचा डबा तुझा.’ बहुतेक जण कुणी सांगण्याचीच वाट बघत असतात.

वहीत एक पान तुझंही कर. रक्तगट, गोळ्या, दोन फोन, दुसरी किल्ली. आणि वही कोणत्या कपाटात असते हे या आठवड्यात आणखी एकाला दाखवून ठेव.

तुझी,
मावशी